अस्तरात शिवलेलं औषध

आमची मावशी शिंपीण, आणि हट्टी म्हणजे किती, तर गिऱ्हाइकाने सैल कोट मागितला तरी ती आपल्याच मनासारखा बेतणार. काका गेल्यापासून दुकानात ती, काजं-बटणं करणारी मी आणि काकांचा लाडका कुत्रा, साहेब.

संध्याकाळ झाली की साहेब काकांच्या बंद मशीनसमोर जाऊन बसायचा आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून शेपूट हलवायचा. माझ्या अंगावर सरसरून काटा यायचा. मावशी मात्र खुलायची. "आले बघ," म्हणायची आणि दिवसभराच्या गोष्टी त्या खुर्चीला सांगत बसायची. तिच्याशी वाद कोण घालणार?

मग साहेबाला फिट यायला लागल्या. इथली औषधं लागू पडेनात. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, बाहेरदेशी एक गोळी मिळते, चिठ्ठी देतो. पण गोळी गुंगीची आहे, आणण्याआधी सरकारी परवानगी काढा. मावशीने चिठ्ठी घेतली आणि परवानगीचं तेवढं कानाआड केलं. तिची लेक, माझी ताई, तिकडेच नोकरीला. सुट्टीवर यायचीच होती. तिने तिकडच्या डॉक्टरला चिठ्ठी दाखवून गोळ्या घेतल्या. त्या कोटाच्या अस्तरात शिवून आण, असं मावशीने फोनवर बजावलं. प्रवासाला निघालेल्या गिऱ्हाइकांचे दागिने ती जन्मभर असेच शिवून देत आली होती. तिच्या लेखी शिवलं म्हणजे जपलं. लपवलं, हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

विमानतळावर यंत्राने अस्तर पकडलं. आम्ही दोघी धावतपळत गेलो. मावशीने चिठ्ठी पुढे केली, चूक माझी, पोरीला सोडा म्हणाली. कस्टमचा अधिकारी भला माणूस होता.

"बाई, चिठ्ठीसकट उघडं दाखवलं असतं तर आम्ही गोळ्या अडवून परवानगी मागितली असती," तो म्हणाला. "शिवून आणल्यावर मला तस्करीच लिहावी लागते. आणि कोट तुमच्या मुलीच्या अंगावर होता."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गोळ्या सीलबंद झाल्या, ताईचा पासपोर्ट जप्त झाला. नोकरी तिकडे नि ती इकडे अडकलेली. आईशी ती अवाक्षर बोलेना. मला दोघींचा राग यायचा आणि दोघींसाठी पोटात तुटायचं.

केस रेंगाळली. साहेबाला तेवढा दम नव्हता. एका सकाळी आलेली फिट थांबलीच नाही.

त्या संध्याकाळी मावशी खुर्चीसमोर नुसती उभी राहिली. शेवटी ताईनेच अबोला सोडला, जवळ गेली, बस गं आई म्हणाली. मावशी बसली नाही.

"आता ते आले तरी मला कळणार कसं?"