भेंड्यांत ळ आला की

नव्वदीच्या सुरुवातीला कात्रपहून मी उल्हासनगरला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचे. अंबरनाथच्या एका कारखान्यानं ऑफिसात नोकरी देऊ केली होती, फक्त पहिल्या तारखेच्या आत क्लासचं सर्टिफिकेट हवं होतं. त्यासाठी स्वतः लिहिलेला एक प्रोग्रॅम सरांसमोर चालवून दाखवायचा होता. मशीन प्रत्येकाला एकच तास.

मी जरा जास्तच शहाणपणा करून शब्दांचं कोडं निवडलं. नऊ घरांचा चौकोन, आडव्या तिन्ही ओळींत तीन अक्षरी शब्द, आणि उभं वाचलं तरी शब्दच. काना-मात्रा नसलेले चारशे शब्द आईनं मेथी निवडता निवडता सांगितले. ती चौथी शिकलेली, पण रविवारच्या पेपरातल्या कोड्याला कुणाला हात लावू द्यायची नाही. एकेका अक्षराला इंग्रजी खूण देऊन मी ते सगळे मशीनमध्ये भरले.

प्रोग्रॅम चुकत नव्हता, पण संपतही नव्हता. वरच्या ओळीत कमळ ठेवायचा, खाली चारशे शब्द एकामागून एक, त्या प्रत्येकाखाली पुन्हा चारशे, आणि चौकोन पूर्ण भरला की मग उभे शब्द तपासायचा. तास संपला तरी स्वारी कमळावरच. सरांनी शांतपणे सांगितलं, की शनिवारी तासाभरात उत्तर आलं नाही तर पुढच्या बॅचबरोबर बसावं लागेल. म्हणजे नोकरी गेलीच.

घरी येऊन मी कागदावर तोच चौकोन काढून बसले होते. आई वाकून बघायला लागली तशी मी खेकसले, की तुला यातलं काय कळणार आहे. आजही ते आठवलं की माझीच मला लाज वाटते. तिनं मनावर घेतलं नाही. कमळातल्या ळवर बोट ठेवलं.

"भेंड्यांत ळ आला की आपण ल धरतो. तुझ्या कोड्यात चालतं का तसं?"

"नाही चालत."

"मग ळनं सुरू होणारा शब्द कुठून आणणारेस? उगाच खालचं भरतेस कशाला?"

सगळा चौकोन भरून मग चूक शोधायची, हा वेडेपणा माझा होता, मशीनचा नव्हे. वरच्या ओळीतल्या एखाद्या अक्षरानं शब्दच सुरू होत नसेल, तर तिथंच थांबायचं. दुसरी ओळ भरल्यावर उभ्या दोन अक्षरांचंही तेच. तेवढा बदल त्याच दिवशी वहीत लिहून काढला.

शनिवारी अकरा मिनिटांत काम आटोपलं. प्रिंटरवर आलेल्या चौकोनांतला एक अजून तोंडपाठ आहे: बदक, दगड, कडक. आडवे वाचा, उभे वाचा, तेच. सर सिंधी, त्यांना मी अर्थ सांगितले. युक्ती कुणाची, असं त्यांनी विचारलं तेव्हा निदान खोटं बोलले नाही. फाइलच्या पहिल्या पानावर मार्गदर्शक म्हणून मी त्यांचं नाव इंग्रजीत टाइप केलं होतं. त्यांनी पेन काढून ते खोडलं.

"इधर मम्मी का नाम लिखो. मराठी में लिखना, उनको पढ़ना है।"

त्या नोकरीनं मला पुढं सगळं दिलं. पण देणं मी मानते ते या दोघांचं, आणि त्यातही एका बोटाचं.

त्या संध्याकाळी आईनं ते पान डोळ्यांजवळ धरून आपलं नाव सावकाश वाचलं. तिच्या नावात शेवटी ळ होता.

"ळ चांगला काढलायस," ती म्हणाली.