गिरणी गेली, गल्ली राहिली

किस्से जमवायला आम्ही कधी बसलो नाही. आम्ही बसतो ते गुडघे दुखतात म्हणून. नागपुरात सक्करदरा तलावाच्या बाजूनं सकाळी दोन फेऱ्या मारायच्या, तिसरी उद्यावर ढकलायची आणि बाकावर टेकायचं, हा आमचा चौघांचा नेम. टेकलं की बोलणं आलंच. एकाच गल्लीत चाळीस-चाळीस वर्षं काढलेली माणसं बोलायला लागली की विषय एकच निघतो, आधी इथं काय होतं. ते सगळ्यांनाच माहीत असतं. तरी सगळे ऐकतात.

चौघं म्हणजे कोण, ते सांगते. सुमन गजभिये सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाल्या. त्यांना गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा 'सिस्टर' म्हणतं. भोयर काका काटोलकडच्या शेतकरी घरातले. शेती भाऊ पाहतो, काकांनी मात्र वाडी भागातल्या ट्रान्सपोर्ट गोडाऊनमध्ये सुपरवायझर म्हणून जन्म काढला. तीस वर्षं ट्रकच्या आवाजावर बोलल्यामुळे ते एखाद्याच्या कानात जे सांगतात, ते तलावाच्या पलीकडे ऐकू जातं. तिसऱ्या त्यांच्या मिसेस, शांताकाकू. आणि चौथी मी. सदरला माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती, म्हणून मी 'टायपिंगवाल्या मॅडम'. इन्स्टिट्यूट बंद झाली, मॅडम चालू आहे.

*

काकांच्या भावाकडून दर हंगामात संत्र्यांची पोती येतात. पूर्वी काका गल्लीत उभे राहून एक हाक मारत आणि बायका टोपल्या घेऊन बाहेर येत. मग गल्लीच्या टोकाला सात मजल्यांची फ्लॅट स्कीम उभी राहिली. गेट, वॉचमन, रजिस्टर, सगळं आलं.

पहिल्याच वर्षी काका पिशव्या घेऊन गेटवर गेले. वॉचमन म्हणाला, "किसके यहाँ जाना है?"

"सबके यहाँ."

वॉचमननं रजिस्टर पाहिलं. 'सबके यहाँ' लिहायला त्यात जागा नव्हती. "काम क्या है?"

"संत्रा."

त्यानं थोडा विचार केला आणि लिहून टाकलं. फक्त घाईघाईत ते नावाच्या रकान्यात लिहिलं. तेव्हापासून इंटरकॉमवर एकच निरोप जातो, "मॅडम, संत्रा अंकल आये हैं." त्या सात मजल्यांवर काकांना भोयर म्हणून कोणीच ओळखत नाही.

मी विचारलं, "वाईट नाही वाटत?"

"काहून वाटंल? झाडं माह्या बापानं लावली. बापाचंच नाव लागलं ना मले."

*

आमच्या गल्लीत पिठाची गिरणी होती. ती बंद पडून बारा वर्षं झाली, तिथं आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तरी आमच्या सगळ्यांच्या पत्त्यात 'गिरणीजवळ' असतंच. स्कीममध्ये अनुजा नावाची मुलगी वडिलांना घेऊन राहायला आली. कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करते. तिला याचं फार हसू यायचं. "काकू, जे नाहीच आहे त्याच्या जवळ तुम्ही राहता कशा?"

एका दुपारी तिच्या वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. तिनं अॅम्ब्युलन्स बोलावली, स्कीमचं नाव सांगितलं. आता या भागात त्या नावाच्या तीन स्कीम आहेत. गाडी मोबाईलचा नकाशा पाहत पाहत भलतीकडेच निघून गेली. अनुजा गेटवर उभी राहून ड्रायव्हरला फोनवर डावं-उजवं सांगत होती, तेही उलटसुलट. वर वडिलांजवळ सिस्टर होत्या. लिफ्टची वाट न पाहता सदुसष्टाव्या वर्षी त्या चार मजले चढून गेल्या होत्या. त्यांनी पेशंटला उशांना टेकवून बसवलं, नाडी धरली आणि म्हणाल्या, "तुम्ही काही बोलाचं नाही. काय बोलाचं ते मी बोलते."

खाली काकांनी अनुजाच्या हातातला फोन घेतला. "भाऊ, गिरणी पाहिली का?"

"ते मोबाईलचं दुकान झालं, ती?"

"हाव, तीच."

"मंग आधी सांगाचं ना."

पाचव्या मिनिटाला गाडी गेटवर होती. डॉक्टर नंतर म्हणाले की वेळेत आणलं. वडील आता ठणठणीत आहेत.

पुढची गोष्ट परवाची. अनुजाकडे तिची मैत्रीण राहायला आली होती. पार्सलवरचा पत्ता वाचून तिनं विचारलं, "ही कोणती गिरणी गं?"

अनुजा म्हणाली, "आधी इथं होती. आमच्या वेळी."

तिला इथं येऊन तीन वर्षं झाली आहेत.

*

गल्लीतला रस्ता सिमेंटचा झाला. चांगला झाला, खोटं कशाला बोलू. चिखल गेला, खड्डे गेले. पण रस्ता वर आला आणि घरं होती तिथंच राहिली. भोयरांच्या घरात आधी दोन पायऱ्या चढून जावं लागे, आता दोन उतरून जावं लागतं. पहिल्याच मोठ्या पावसात त्यांच्या बैठकीत घोट्याएवढं पाणी साचलं.

काकांनी तीन अर्ज दिले. शेवटी एक तरुण इंजिनिअर पाहायला आला. त्या दिवशीही पाऊस होता. तो छत्री घेऊन रस्त्यावर उभा राहिला, वरूनच डोकावला आणि म्हणाला, "एवढं काही दिसत नाही, काका."

काका म्हणाले, "साहेब, पावसात काहून उभे? आत या, चहा घ्या."

तो नाही म्हणत होता, पण काकांचा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे. गल्लीतल्या खिडक्या उघडायला लागल्या, तसा तो मुकाट्यानं आत गेला. बैठकीच्या मधोमध, पाण्यात, त्याच्यासाठी खुर्ची ठेवली होती. त्यानं पँट वर केली आणि बसला. शांताकाकू ट्रे घेऊन त्या पाण्यातून अशा आल्या जसं काही झालंच नाही. गाव कोणतं, आई कशी आहे, लग्न झालं का, सगळी विचारपूस केली. पाण्याचा विषय कोणीच काढला नाही.

अर्धा कप झाल्यावर त्यालाच राहवलं नाही. "काकू, तुम्ही पाण्याबद्दल काहीच म्हटलं नाही."

काकू म्हणाल्या, "तुम्हाले काय सांगाचं, बापा? तुम्ही बसलेच आहे त्यात."

आठ दिवसांत नाली बांधून झाली. दिवाळीला तो फराळाला आला, बायकोला घेऊन.

*

याच शांताकाकूंना मेट्रो पाहायची होती. रस्त्यानं जाताना वरून धडधडत जाते ती पाहिली होती, पण बसल्या कधी नव्हत्या. एक दिवस सिस्टर आणि मी त्यांना ऑटोत घालून सीताबर्डीला घेऊन गेलो. स्टेशनात सरकता जिना लागला आणि काकू त्याच्यासमोर खिळून उभ्या राहिल्या. पाऊल पुढे करायच्या, मागे घ्यायच्या. मागं लोक थांबलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागून कॉलेजची एक मुलगी पुढे आली. पाठीवर बॅग, कानात इअरफोन. तिनं काकूंचा हात धरला, इअरफोन काढला आणि म्हणाली, "आजी, खाली नका पाहू. माझ्याकडे पाहा आणि तुमचं नाव सांगा." काकूंनी पूर्ण नाव सांगितलं, माहेरच्या आडनावासकट. ते सांगून होईपर्यंत त्या वर पोचल्या होत्या.

मुलगी हसून निघून गेली. काकूंनी खाली वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "अजून एकदा."

आम्ही पाच वेळा चढलो. उतरायला बाजूचा दगडी जिना होता. सहाव्यांदा सिस्टरच्या गुडघ्यांनी नकार दिला. घरी आल्यावर काकांनी विचारलं, "कशी हाय मेट्रो?"

काकू म्हणाल्या, "लय भारी."

मेट्रोत आम्ही अजूनही बसलेलो नाही.

*

माझा स्वतःचा किस्सा मी एरवी सांगत नाही, पण सिस्टर सांगतात आणि चुकीचा सांगतात, म्हणून मीच सांगते.

सदरला जिथं माझी इन्स्टिट्यूट होती तिथं आता कॉफीचं दुकान आहे. काचा, पिवळे दिवे, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली तरुण मंडळी. बंद केल्यापासून त्या जिन्यावर मी पाय ठेवला नव्हता. गेल्या वर्षी सिस्टरनी ओढून नेलं. वर गेले, तर भिंतीजवळच्या फळीवर शोभेसाठी एक टाइपरायटर ठेवलेला. मी जवळ जाऊन पाहिलं. सात नंबरचं मशीन. माझंच. डाव्या बाजूचा पत्रा चेपलेला होता, तो एका मुलीनं सरकारी परीक्षेत नापास झाल्यावर मूठ मारून चेपवला होता. पुढच्या वेळी ती पास झाली.

रिबन उलटी लावलेली होती. तेवढं काही मला पाहवलं नाही. मी पदर खोचला आणि उघडायला लागले. काउंटरवरची मुलगी धावत आली. "आजी, ते शोपीस आहे. तुम्हाला चालवता येतं का?"

मी म्हटलं, "मला येतं. त्याला मी आठवते का, ते पाहू."

तिनं कागद आणून दिला. मी टाइप करायला लागले आणि दुकानातली सगळी बोलणी थांबली. तो आवाज त्या खोलीत किती वर्षांनी झाला असेल, मी मोजलं नाही. मग एका मुलानं विचारलं, माझं नाव काढून द्याल का? मग दुसरीनं विचारलं. रांग लागली. संध्याकाळ होईपर्यंत मी नावं काढत बसले. कॉफी तिथंच गार झाली.

आता दर शनिवारी मी तिथं जाते. सहा विद्यार्थी आहेत. त्यांना शिकून काय करायचं आहे ते त्यांनाही माहीत नाही, पण बोटं न पाहता चालवतात.

*

शेवटचा किस्सा सिस्टरचा आहे. त्या असतात तेव्हा आम्ही तो सांगत नाही.

सिस्टरच्या वडिलांनी छप्पनसाली नागपुरात दीक्षा घेतली. पुढे त्यांनी गल्लीत घर बांधलं आणि तेव्हापासून दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणाऱ्या खेड्यापाड्यांतल्या लोकांसाठी त्या घराचं दार उघडं राहिलं. वडील गेले, सिस्टरनी ते तसंच चालू ठेवलं. दिग्रसच्या पुढच्या एका खेड्यातून पारबताबाई नावाची म्हातारी आठ बायांना घेऊन दर वर्षी येते. ना फोन, ना निरोप. दसरा आला की त्या आल्या.

दोन वर्षांपूर्वी घराच्या भिंतींना मोठ्या भेगा गेल्या. भावाचाही हिस्सा होता. शेवटी घर बिल्डरला द्यावं लागलं. सिस्टर जवळच भाड्याच्या एका खोलीत गेल्या. दसरा आला तेव्हा घराच्या जागी पत्र्याचं कुंपण होतं आणि आत पायाचा खड्डा.

आम्ही म्हटलं, काळजी काहून करता? चौघी भोयरांकडे झोपतील, बाकीच्या माझ्याकडे. सिस्टरनी मान हलवली, पण ऐकलं नाही. म्हणाल्या, "सोयीचा प्रश्न नाही वं. त्या बाया इतक्या लांबून येतील, खड्डा पाहतील अन् वापस जातील. माह्या बापाचं दार माह्या हातानं बंद झालं."

सकाळी आठ वाजता त्या प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन पत्र्याच्या फाटकासमोर बसल्या. ऊन चढलं, त्यांनी छत्री उघडली. आम्ही आळीपाळीनं जवळ बसलो. काकूंनी डबा आणला. सिस्टर म्हणाल्या, "त्या येऊ दे." पाणी तेवढं घेतलं. चौतीस वर्षं वॉर्डात उभी राहिलेली बाई, पण मी त्यांना इतकं थकलेलं कधी पाहिलं नव्हतं.

चार वाजत आले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी पांढरी लुगडी दिसली. पुढं पारबताबाई, डोक्यावर गाठोडं. ती आली आणि पत्र्यासमोर थांबली. मागच्या बायाही थांबल्या. सिस्टर उठून उभ्या राहिल्या.

"जयभीम, माय."

"जयभीम." म्हातारीनं पत्र्याकडे पाहिलं. "घर?"

"पाडलं, माय. नवं बांधून राहिले." सिस्टरची मान वर होत नव्हती.

सणाची सुट्टी होती, आत काम बंद होतं. फाटक नुसतं लोटलेलं होतं. पारबताबाईनं ते ढकललं आणि आत पाहिलं. खड्डा, उभ्या लोखंडी सळ्या, आणि अलीकडे, जिथं आधी बैठक होती तिथं, वाळूचा मोठा ढीग. मग वळून सिस्टरला विचारलं, "सकाळपासून इथंच बसली व्हय?"

काकूच म्हणाल्या, "आठ वाजल्यापासून. जेवल्या पण नाही."

म्हातारीनं डोक्यावरचं गाठोडं उतरवून काखेत घेतलं. फाटकाशी वाकून पायातल्या चपला काढल्या आणि बाजूला लावून ठेवल्या. तिच्या मागं एकेक करून आठही बायांनी चपला काढल्या आणि तिथंच ओळीनं लावल्या. त्या आत गेल्या, वाळूवर बसल्या. पारबताबाईनं गाठोडं सोडलं, भाकरी काढली, आणि बाहेर उभ्या असलेल्या सिस्टरकडे पाहून म्हणाली,

"ये ना वं बाई, बाहेर काहून उभी? आत ये."