बाराचं ‘अब’ झालं

“मेधाताई, हे वाक्य बरोबर वाटतं का तुला?” रेखानं कागदावरून बोट फिरवत विचारलं. “‘रमेश के पास अब आम हैं.’”

“बरोबर आहे की.”

“हिंदीच्या पुस्तकात बरोबर आहे. हे गणिताचं आहे.”

मी मूळ पुस्तक उघडून बघितलं. तिसरीचं हिंदी माध्यमाचं गणित. तिथे छापलं होतं, रमेशकडे 12 आंबे आहेत. आणि आमच्या ब्रेल पुस्तकात रमेशकडे नुसतेच आंबे होते, ते पण ‘आता’.

रेखा ब्रेल छापखान्यात प्रूफं वाचते. तिला जन्मापासून दिसत नाही. तिनंच मला समजावलं. ब्रेलमध्ये आकड्यांसाठी वेगळे ठिपके नसतात, अक्षरांचेच ठिपके वापरतात. आकड्याच्या आधी एक खूण येते, ती बोटाला लागली की पुढचं आकडा म्हणून वाचायचं. ती खूण गळाली की 1 चा अ होतो, 2 चा ब. म्हणजे बाराचं ‘अब’. वाक्य धडधाकट, कुणाला शंका येणार नाही. आणि गणित मात्र गेलं.

हे कशामुळे झालं असणार, ते मला त्याच क्षणी कळलं होतं. खरं सांगायचं तर तीन आठवड्यांपूर्वीच कळायला हवं होतं.

मी बावीस वर्षं कॉम्प्युटर जोडते आणि दुरुस्त करते. इंदूरच्या ‘जुनी इंदूर’ भागात आमच्या घराच्या खालच्या खोलीत माझं दुकान आहे. माझ्या कामात रोज एकच प्रश्न येतो, असेंबल घेऊ की रेडीमेड? रेडीमेड म्हणजे कंपनीनं बंद डब्यात तयार करून दिलेला. बिघडला की एक फोन, कंपनीचा माणूस येतो. असेंबल म्हणजे मदरबोर्ड, मेमरी, कॅबिनेट असे भाग निवडून आपल्या कामाला हवा तसा जोडलेला. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, आणि बिघडला की माझ्यासारखीच्या नावानं शंख. दोन्हींत वाईट काही नाही. काम काय आहे, त्यावर ठरतं.

ब्रेल छापखान्याचं काम जरा वेगळं. साठे सर तो चालवतात. ते अंधशाळेत गणित शिकवायचे, रिटायर झाल्यावर हा छापखाना सांभाळतात. तिथला प्रिंटर शाई वापरत नाही. जाड कागदावर छोट्या हातोड्यांनी ठिपके उठवतो. आवाज असा की शेजारी उभं राहून बोलता येत नाही. मशीन जुनं आहे, पण दणकट. त्याला कॉम्प्युटर जोडायला ती जुनी रुंद केबल लागते, पंचवीस पिनांची, पॅरलल पोर्टवाली. हल्लीच्या कॉम्प्युटरला ते भोकच नसतं.

छापखान्याचा जुना कॉम्प्युटर मीच जोडलेला होता. त्याचा मदरबोर्ड गेला. सहामाही परीक्षेच्या आधी मुलांना पुस्तकं पोचवायची होती, म्हणून साठे सरांनी घाईनं मीटिंग बोलावली. ट्रस्टी महेशजी आले. त्यांचं विजय नगरला मोठं ऑफिस आहे. तिथे सगळे रेडीमेड कॉम्प्युटर मीच सुचवले होते. टायपिंग, ईमेल, बिलं, एवढंच काम. सगळे एकसारखे असले की झंझट नाही. ते त्या सल्ल्यावर खूश होते.

“मेरी तरफ से एक रेडीमेड आ जाएगा,” महेशजी म्हणाले. “छोटा वाला, जैसा ऑफिस में है. ठीक है ना, मॅडम?”

मी म्हटलं, “इथे असेंबल...”

“लो!” ते हसले. “आप तो असेंबल ही बोलोगी. दुकान जो है आपकी!”

सगळे हसले. साठे सर हसले, मीसुद्धा हसले. आणि गप्प बसले.

तेवढ्यानंच सगळं झालं. महेशजींच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, मनानं मोठा माणूस आहे. पण मला वाटलं, आता पुढे काही बोलले तर मी माझा माल खपवतेय असंच दिसणार. बावीस वर्षांत कुणी तसं म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, “चालेल रेडीमेड. कन्व्हर्टर लावू.”

कन्व्हर्टर म्हणजे एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला ती जुनी पिनांची केबल. छोट्या डब्यात पॅरलल पोर्टचं वेगळं कार्ड बसवायला जागा नव्हती, म्हणून हा जुगाड. मी तो लावला, एक पान छापून बघितलं. छान आलं. मी निश्चिंत मनानं घरी आले.

आता रेखाच्या हातातलं पान बघून मी कॉम्प्युटरसमोर बसले. एक पान छापलं, बरोबर. दोन छापली, बरोबर. तीस पानं एकदम सोडली आणि रेखाला वाचायला दिली. तिला चार ठिकाणी ठिपके गळालेले सापडले. पुन्हा तीस छापली. या वेळी सहा ठिकाणी, आणि ठिकाणं निराळी.

दुपारपर्यंत उलगडा झाला. हातोड्यांचं मशीन हळू, कॉम्प्युटर भरभर. मशीनचं पोट भरलं की ते केबलमधल्या एका तारेतून कॉम्प्युटरला ‘थांब’ म्हणतं. आमच्या कन्व्हर्टरमधून ते ‘थांब’ उशिरा पोचत होतं. तेवढ्यात एखादं अक्षर सांडायचं. थोडी पानं असली तर पोट भरतच नाही, म्हणून माझी टेस्ट पास झाली होती. रेखानं वाचलेलं प्रूफही दोन-दोन पानांनी छापलेलं होतं. खरी पुस्तकं मात्र एका दमात छापली. आज ती फक्त पानांचा क्रम बघत होती. सवयीनं मधलं एक पान वाचलं, म्हणून सापडलं.

“सर,” मी विचारलं, “किती पुस्तकं गेली?”

साठे सरांचा चेहरा उतरला होता. “सदतीस इथेच आहेत, बांधणी राहिलीय. तीन प्रती आज सकाळी सिमरोलच्या शाळेतले मास्तर घेऊन गेले. त्यांच्याकडे आधी परीक्षा आहे, म्हणून त्यांना आधी बांधून दिल्या.”

सरांनी फोन स्पीकरवर लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलेना. त्या शाळेत तीन मुलं हे पुस्तक वाचणार होती. दिसणारा मुलगा चुकीचं पान बघून निदान फळ्यावरचं गणित तरी उतरवून घेईल. ही मुलं बोटाला जे लागेल त्यावर विश्वास ठेवणार. आणि उत्तर आलं नाही की म्हणणार, मला गणित येत नाही.

दुसऱ्यांदा लावल्यावर मास्तरांनी उचलला.

“अरे भिया, ती पुस्तकं मुलांना दिली का?” साठे सर जवळजवळ ओरडलेच.

“नाही सर, गठ्ठा अलमारीतच आहे. सोमवारी देणार होतो. काय झालं?”

सर खुर्चीत बसले. रेखा हसायला लागली, आणि मी भिंतीला टेकून उभी राहिले.

त्याच संध्याकाळी मी विजय नगरला महेशजींच्या ऑफिसात गेले. रेखा म्हणाली, मी पण येते. ते पान तिनं सोबत घेतलं.

मी सगळं सांगितलं. महेशजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “आपको पहले दिन पता था?”

“शक था. पक्का नहीं था.”

“तो बोला क्यों नहीं?”

“आप हँसे और मैं चुप हो गई. गलती मेरी है.”

रेखानं पान टेबलावर ठेवलं आणि महेशजींचा हात धरून त्या ओळीवर नेला. “ये देखिए, जी. यहाँ एक निशान होना था.”

महेशजींच्या बोटाला काय कळणार? पण त्यांनी हात लगेच काढून घेतला नाही.

“असेंबलच्या भागांची यादी मी देते,” मी म्हटलं. “सामान माझ्याकडून घेऊ नका, तुमच्या माणसाला बाजारातून आणायला सांगा. जोडून मी देईन, छापखान्यात, सगळ्यांसमोर.”

“यादी कशाला, ताई,” ते मराठीत म्हणाले. त्यांना एवढी मराठी येते हे मला माहीत नव्हतं. पण यादी त्यांनी घेतली, आणि मला बरंच वाटलं.

यादीत विशेष काही नव्हतं. मध्यम ताकदीचा प्रोसेसर, बऱ्यापैकी मेमरी. छपाईला फार वेग लागत नाही. फक्त कॅबिनेट मोठं आणि मदरबोर्ड पुरेशा स्लॉटचा, म्हणजे त्यात पॅरलल पोर्टचं कार्ड बसेल आणि जुनी केबल थेट लागेल. दोन दिवसांत सामान आलं. छापखान्यातल्या टेबलावर मी जोडणी केली. साठे सर शेजारी बसून प्रत्येक स्क्रू कुठला ते विचारत होते. वर्गात मुलांनी त्यांना असंच छळलं असेल.

या वेळी मी एक पान छापून उठले नाही. अख्खं पुस्तक एकदम सोडलं, तीन वेळा. रेखानं तिन्ही प्रती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचल्या. दोन दिवस लागले. मी दुकान बंद ठेवून तिच्यासमोर बसून होते. मधूनमधून ती थांबायची आणि मी पुढे वाकायचे. मग ती म्हणायची, “काही नाही, पाणी दे.”

एकही ठिपका गळाला नव्हता.

चाळीसही पुस्तकं नव्यानं छापली. सिमरोलच्या मास्तरांनी परीक्षेआधीच येऊन बदलून नेली. बाकीची शाळाशाळांत वेळेवर पोचली. महेशजींचा रेडीमेड कॉम्प्युटर वाया गेला नाही. तो रेखाच्या टेबलावर आहे. पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून ती हेडफोन लावते आणि छापायच्या आधीच मजकूर तपासते. त्या कामाला तो अगदी बरोबर आहे. कन्व्हर्टर मी स्वतः कापून टाकला, नाहीतर कुणीतरी पुन्हा लावला असता.

आता कुणी विचारलं, असेंबल की रेडीमेड, तर मी आधी विचारते, त्याला काय काय जोडणार? मग माझं मत सांगते, आणि त्या मतात माझा फायदा असेल तर तोही तिथल्या तिथे सांगून टाकते. ते ऐकून काही गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ देत.