रोज साडेबाराला ढग कुठून येतो?

मंडळी, दुपारपासून डोकं ठिकाणावर नाहीये.

रबाळ्याला आमचा नायट्रोजनचा प्लांट आहे. छतावर सोलर बसवलं तेव्हापासून कॉम्प्रेसरचा वेग सॉफ्टवेअर ठरवतं. ढग आला की मशीन हळू, ऊन पडलं की जोरात. पण आठवडाभर रोज साडेबाराला, कडक उन्हात, मशीन हळू व्हायचं. नायट्रोजनच्या लाइनचं प्रेशर पडायचं आणि तो घेणाऱ्या शेजारच्या फॅक्टरीतून शिव्या यायच्या.

मला आधी सॉफ्टवेअरचाच संशय होता. मग शिंदे काकांचा, कारण आमचे हे जुने ऑपरेटर सारखे पॅनलपाशी घुटमळतात.

"माझा हात पण लागला नाय रे," काका म्हणाले. तरी मी साहेबांच्या कानावर घातलंच. काल काकांना मेमो मिळाला.

आज सॉफ्टवेअर कंपनीचा इंजिनियर आला. मशीन हळू होताच तो, काका आणि मी छतावर गेलो. तिथे ऊन मोजणाऱ्या सेन्सरच्या दांडीवर, सेन्सर झाकून, कामावर घालायचा एक ओला बॉयलर सूट वाळत होता.

"हा कुणाचा?" इंजिनियरने विचारलं.

माझाच होता. खालची दोरी तुटल्यापासून मी जेवणाच्या सुट्टीत तेलकट सूट धुऊन त्या दांडीवर टाकायचो. दांडी कशाची, ते कधी विचारलंच नाही.

मीही मालक शोधत असल्यासारखा इकडेतिकडे बघू लागलो. काकांनी सूट ओळखला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वाऱ्याने उडून आला असेल."

तेव्हापासून मी विचार करतोय, काकांनी मला का वाचवलं? त्यांच्या मनात काय असेल?

बघा, अजूनही संशय त्यांच्यावरच. आणि मेमोही त्यांच्याच नावावर. उद्या साहेबांसमोर तोंड उघडेन, असं तुम्हाला तरी वाटतं का?