हळदीचे शर्ट

डिसेंबरचा दुसरा रविवार. मुलाचे शर्ट इस्त्रीला काढले, त्यात एक लिननचा. पाणी शिंपडून कितीही दाबून इस्त्री केली, तरी घालून बसला की चुरगळणारच. हे कापड हाती आलं की कळंबोलीची ती केस आठवते, पोलिसातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यानंतरही.

युरोपातून लिननचे तागे आले होते. निर्यातदार त्यांचे टेबलक्लॉथ शिवून आखातात पाठवणार होता. बंदरातून कंटेनर कळंबोलीच्या गोदामात आला आणि तागे कमी भरले. गोदामाचा सुपरवायझर म्हणाला, सील आधीच तुटलेलं होतं. ट्रान्सपोर्टच्या यार्डात सगळ्यांदेखत कंटेनर आणणाऱ्या ड्रायव्हरला अटक झाली. उरणकडचा, पन्नाशीचा माणूस.

चौकशीत त्याचं एकच पालुपद. "मॅडम, सील त्या सुपरवायझरनंच तोरला, माझ्यासमोर. मी गारी चालवतो, कपरा इकत नाय."

"मग तागे गेले कुठे?"

"ते ठाऊक असता तं इथं बसलो असतो का?"

पोलीस कोठडी संपत आली होती. त्याच्याविरुद्ध काही सापडत नव्हतं, पण ट्रान्सपोर्टच्या मालकानं त्याची गाडी दुसऱ्याला दिली होती. जामिनावर सुटला असता तरी यार्डात चोरच ठरला असता.

अशात ठाण्यात एका बाईचा फोन आला. नाव सांगितलं नाही. "सुपरवायझरच्या भावाची हळद झाली. अख्खी भावकी एका कापडात. आमाला नाय दिलं शर्ट, म्हनून सांगते समजा."

हळदीला भावकीनं एकसारखे कपडे घालायचे, ही इकडची रीत. मी सुपरवायझरला बोलावलं, चहा दिला, केसबद्दल अवाक्षर काढलं नाही.

"हळद जोरात झाली म्हणे?"

त्यानं आपणहून मोबाईलवर व्हिडिओ लावला. "बघा मॅडम, सगळी आपली मानसं." नाचणाऱ्यांचे शर्ट पाठीपासून कमरेपर्यंत चुरगळलेले.

"कापड कुठलं?"

"बाजारातला कॉटन हाय."

भावाच्या घरून पंचांसमक्ष एक शर्ट जप्त केला आणि उलटा केला. शिंप्यानं ताग्याची मूळ किनार आतल्या शिवणीत तशीच ठेवली होती. तिच्यावर परदेशी गिरणीचं नाव विणलेलं. ठाण्यात तो शर्ट सुपरवायझरसमोर टेबलावर पसरला.

"थोरला हाय मी, मॅडम. भावकीत शोभा दिसाय पायजे ना."

उरलेले तागे त्यानं तुर्भ्यातल्या एका गाळ्यातून काढून दिले.

सगळा माल त्यानं गुपचूप विकला असता, तर आम्ही ड्रायव्हरभोवतीच फिरत राहिलो असतो. पण मिरवण्यासाठी चोरलेली वस्तू लपवून काय उपयोग? त्यानंतर कुठल्याही तपासात मी पैशाआधी मानपान बघू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टात अहवाल दिला, ड्रायव्हरची सुटका झाली. त्याला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून यार्डात नेलं. बाकीचे ड्रायव्हर गोळा होईपर्यंत मी थांबले. मग मालकाला म्हटलं, "याच्या गाडीची चावी याला द्या."