हादरा बसू नये म्हणून

आश्विन सरत आला की आमच्या मुळशीतला रस्ता कसा असायचा, ते विचारू नका. चार महिने पाऊस त्यावर मुक्काम करायचा आणि जाताना सगळी खडी घेऊन जायचा. त्या वर्षी असल्या रस्त्याने मला बायकोला भुकूमला, तिच्या माहेरी पोचवायचं होतं. तिला सातवा महिना होता.

आमचं पहिलं पोर आदल्या वर्षी गेलं होतं, पोटातच. आळीतल्या बायकांनी निदान केलं, की ती लग्नाला यष्टीनं गेली होती, तेव्हाच हादरा बसला. मी ते लगेच मानलं. दैवाशी भांडता येत नाही, यष्टीशी येतं. दुधानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी त्या वर्षी पाणीसुद्धा फुंकून पीत होतो.

तेव्हा यष्टी नको, आपली बैलगाडी बरी. गाडीत नव्या, लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताचा पेंढा गुडघाभर पसरला, त्यावर दोन गोधड्या घातल्या. चाकांना वंगण इतकं चोपडलं की ते अंगणभर गळत राहिलं. बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा काढल्या, न जाणो, नादावर चाल धरली तर काय घ्या. हाकायला चुलते बसले, आणि मी खांद्यावर खोरं टाकून गाडीच्या पुढे चालू लागलो. खड्डा दिसला की बाजूची माती ओढून बुजवायचा, पायाने दाबायचा, मग चुलत्यांना हात करायचा. समोरून वाहन आलं तर ते थांबावं म्हणून काठीला तांबडं फडकं बांधून घेतलं होतं. रेल्वे मी आयुष्यात एकदाच पाहिली होती, पण तेवढ्यावर मी स्वतःला रेल्वेतला माणूस समजत होतो.

पौड गाठेपर्यंत उन्हं डोक्यावर आली. पौडाच्या पुढे यष्टी आली, आणि मी फडकं उंच धरलं. ड्रायव्हरला वाटलं, पुढे मोरी खचली. यष्टी थांबली, माणसं खाली उतरली, कंडक्टर धावत आला आणि रस्ता कुठे तुटलाय म्हणून विचारू लागला. मी परातीएवढा एक खड्डा दाखवला. त्यावर सगळी यष्टी हसली. एका म्हातारीने माझे पाय धुऊन मला माळ घालायला पाहिजे असं सुचवलं. मी मान ताठ ठेवून खड्डा बुजवला. खरं तर मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण खोरं हातात असलं की माणसाला शहाणं असल्याचा भास होतो.

पिरंगुटला बैलांना पाणी दाखवायला थांबलो, आणि प्रथमच गाडीच्या मागच्या अंगाला गेलो. बघतो तर बायको उघड्या फळ्यांवर गोधडी टाकून बसलेली, आणि पेंढा बोटभरही उरलेला नाही. आमच्या मागोमाग एक कोळशाची गाडी येत होती. रस्ता अरुंद, पुढे मी, त्यामुळे तिला पुढे काढता येईना. तिचे बैल बिचारे सकाळपासून आमच्या गाडीत तोंड घालून घास-घास पेंढा ओढत आले होते. चुलत्यांची नजर पुढे, माझी खड्ड्यात. चुलत सासऱ्यांना कसं सांगणार, म्हणून बायकोने मला दोनदा हाक मारली होती म्हणे. दोन्ही वेळा मी मागे न बघता थांब म्हणून हात केला होता.

मी कोळशेवाल्यावर तोंडसुख घेतलं. मग चुलत्यांवर. मग पौडला परत जाऊन पेंढा आणतो, तोवर इथंच बसा, असं जाहीर केलं. पुढे पिरंगुटचा घाट होता, आणि तिला फळ्यांवर बसवून तो चढवायला माझी छाती होत नव्हती.

डोक्यावरचा पदर नीट करून बायको म्हणाली, "पेंढा ऱ्हाऊ द्या. सकाळपासनं मी तुमची पाठच बगतिया."

मी म्हणालो, तुझ्यासाठीच तर चाललंय हे सगळं.

"व्हय. पोर गेल्यापासनं तुमी यष्टीवर बोलताय, रस्त्यावर बोलताय. माज्याशी त्याच्यावर येक शबूद बोलला न्हाई. मलाबी भ्या वाटतंय. हितं बसा."

चुलत्यांनी तोंड फिरवलं आणि चांगलं बांधलेलं जू उगाच सोडून पुन्हा बांधायला घेतलं. मी खोरं गाडीत टाकलं आणि तिच्या शेजारी बसलो. माणसांदेखत बायकोला चिकटून बसायची आमच्यात रीत नव्हती, त्यामुळे मध्ये शिदोरीची दुरडी ठेवली. घाट लागला तशी ती दुरडी तिने पायाशी सरकवली.

हादरे बसले. चांगले सणसणीत बसले. प्रत्येक हादऱ्याला ती एक हात पोटावर धरायची आणि दुसऱ्या हाताने गोधडीखालून माझी बाही. त्या चढावर तिने मला गेलेल्या पोराबद्दल सांगितलं. मुलगा होता एवढंच मला माहीत होतं. डोक्यावर दाट जावळ होतं, म्हणाली, आणि हनुवटी माझ्यासारखी. मी त्याला पाहिलंच नव्हतं. पुरायला नेताना मी पुढे चालत होतो, आणि तो मागे चुलत्यांच्या हातात होता. मी रडायला लागलो. चुलते बैलांशी मोठमोठ्याने बोलू लागले, म्हणजे आम्हाला वाटावं की त्यांना काही ऐकू येत नाही.

दिवेलागणीला भुकूम आलं. पौषात मुलगी झाली, ठणठणीत. तिच्या आधीच्यासाठी आम्ही त्या घाटात एकदा मिळून रडून घेतलं होतं, म्हणूनच तिला न भिता उचलून घेता आलं, असं मला आजही वाटतं.