नंदी ज्या दारांवरून गेला

आमच्या घरी मागावर धोटा चालला तरच चूल पेटायची. बाप हातमागावर बसायचा, आई सुताच्या कांड्या भरायची. सूत नसलं की माग मुका आणि आम्ही पेजेवर. वाचता कोणालाच येत नव्हतं. बसची पाटी बघत बाप नुसता उभा राहायचा, मग विचारायचा, "भाऊ, हे गाडी कोठं जाऊन राहिली?" एकदा कोणीतरी मजेनं खोटं सांगितलं आणि बाप पार लाखांदूरला पोचला. त्यानंतर त्यानं मला शाळा बुडवू दिली नाही.

मी बी.ए. झाले. घराण्यातली पहिली. हे मी अजूनही ठासून सांगते. डी.एड. केलं आणि गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर काही वर्षांनी वैनगंगेकाठच्या एका गावात पहिलीचा वर्ग मिळाला. गाव धरणात जाणार हे ठरलेलं होतं. कधी, तेवढंच माहीत नव्हतं.

वर्गात आजीजवळ राहणारी एक मुलगी होती. फळ्याकडे बघताना तिचा चेहरा पाटीखाली उभ्या राहिलेल्या माझ्या बापासारखा व्हायचा. हिला वाचता आलंच पाहिजे, असं मी धरून बसले.

तोवर आमचा माग बंद पडला होता. बापानं त्याच्याच लाकडाचा चाकांवरचा नंदी करून दिला. तान्ह्या पोळ्याला पोरं असा नंदी ओढत दारोदार बोजारा मागतात, खाऊ नाहीतर नाणं. मी तोच खेळ केला. गावातल्या एकेका दाराशेजारी चुन्यानं एकेक अक्षर काढलं. नंदी थांबवायचा, अक्षर म्हणायचं, की मूठभर मुरमुरे.

त्या मुलीची आजी टोमणा मारायची, "पोट्टी शिकाले पाठवली, बाई, आन् तुमी त रोजच पोळा भरवून राहिल्या!"

"मग आज बोजारा तुमीच द्या ना."

"मी कायले देऊ? बैल तुमचा, पोळा तुमचा!" म्हणत ती मूठ भरायचीच.

उन्हाळ्यापर्यंत मुलगी सगळ्या दारांवरून बिनचूक फिरायला लागली. त्याच उन्हाळ्यात गाव उठलं. काही घरं एका वसाहतीत, बाकीची कुठंकुठं. नव्या शाळेत मी फळ्यावर 'न' काढला.

"आत्याचं घर," ती म्हणाली.

"घर नाही गं, अक्षर."

"बाई, आत्याचंच हाय. पिंपळाजवळचं."

मी रागावले, समजावलं. शेवटी नंदी तिच्या हातात दिला आणि फळ्यावर दोन अक्षरं काढली.

"जा. आधी कोणाकडे?"

तिनं मोकळ्या जमिनीवर नंदी ओढला. "आत्याकडे. न."

"मग?"

"आमच्या घरी. ळ." ती थांबली. ओठ हलले. "नळ! बाई, नळ!" आणि अंगणातल्या नळाकडे बोट दाखवून हसली.

मग आम्ही असेच शब्द केले. प्रत्येक शब्दाला पाण्याखालच्या गल्लीतून जायचं. मधेच ती विचारायची, "आत्या आता कोठं राहते, बाई?" मी फळ्यावर पुढचं अक्षर काढायची.

पावसाळा सरता सरता तिच्या वाचण्यातून घरं सुटायला लागली. शब्द सरळ यायला लागले. नंदी कपाटावर गेला. मला हेच तर हवं होतं.

एकदा आजी शाळेत आली. नात वाचत होती. आजीनं मधेच विचारलं, "आपल्या दारी चुन्याचं अक्षर व्हतं, ते कोन्तं वो?"

मुलीनं आठवून बघितलं. "याद नाही, आजी." आणि पुढची ओळ धरली.

आजीनं माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं, पण माझ्यानं सांगवलं नाही. नंदी पुन्हा खाली काढावा असंही वाटलं. काढला नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी ती मुलगी अख्खा धडा न अडखळता वाचायला लागली.